शालन, कोडोलीची माणसं उलटली नव्हती

शालन,

गुंडीला घर मिळालं. कोडोलीचं. हे ऐकून तुझ्या कपाळावर आठी पडेल, कारण तुझ्या लेखी कोडोलीच्या त्या बाईनं ऐन वेळी शब्द फिरवला होता. तू गेलीस तेव्हाही तुझ्या मनात तेच होतं. तुला तसं सांगणारा मी होतो. खरं काय झालं ते तुझ्या हयातीत सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि आता लिहितानाही हाताला घाम सुटला आहे. गेलेल्या माणसाला काय भ्यायचं, असं लोक म्हणतात. त्यांनी तुला रागावलेलं पाहिलेलं नाही. तू ओरडायची नाहीस. तू मशीन थांबवायचीस.

आपल्या मंगळवार पेठेतल्या पुढच्या खोलीत एका बाजूला तुझं पायमशीन आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचं खोकं, असं किती वर्षं चाललं. जनावरांच्या डॉक्टरबाई मांजराचं कुठलं तरी पिल्लू आणून ठेवायच्या, "घर मिळेपर्यंत सांभाळा" म्हणायच्या, आणि तू ब्लाऊजचं माप घेता घेता गिऱ्हाईक बाईला गाठायचीस. "गळा मनासारखा पायजे न्हवं वैनी? मग ही पांढरी घेऊन जावा." पण पिल्लू देण्याआधी त्या बाईच्या घरी जाऊन येण्याची तुझी रीत होती. गच्चीला कठडा आहे का, दारात कुत्रं बांधलंय का, सासू काठी उगारणारी आहे का, सगळं बघून यायचीस. मी म्हणायचो, पोरीला स्थळ बघतेस की काय? तू म्हणायचीस, "पोरगी परवडली दादा. ती निदान माघारी येऊन सांगती तरी."

गुंडीचं तसं नव्हतं. कुणाच्या तरी दुचाकीचं चाक तिच्या पाठीवरून गेलं होतं. मागचे पाय मेलेले, आणि लघवी आपली आपण होत नाही. सकाळ-संध्याकाळ आणि मध्येही पोट हलकं दाबून ती काढावी लागते, नाहीतर आत साचून जीव जातो. पांढऱ्या पाठीवर मधोमध बटणासारखा काळा गोल ठिपका, म्हणून तू तिचं नाव गुंडी ठेवलंस. अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांतून तिला चड्ड्या शिवल्यास, मागं शेपटीसाठी काज ठेवून. गल्लीतल्या बायका हसायच्या. "शालनताई, तुमच्या मांजराचं मॅचिंग आमच्यापेक्षा भारी हाय की!"

पोट दाबायचं काम तू मलाही शिकवायला बघितलंस. "लिंबू पिळाय न्हाई लागलास दादा. कणकेचा गोळा उचलल्यागत धर." मी हात मागं घेतला. त्या इवल्याशा पोटाची मला धास्ती वाटायची.

"माझ्यानं फुटलं तर?"

"फुटत न्हाई. माझ्यामागं कोण करणार मग?"

"तू कुठं चाललीस?" मी म्हणालो. तू गुंडीला चड्डी चढवलीस.

आपला एक वाद कधी संपलाच नाही. मी म्हणायचो, गुंडीला दुसरं घर कशाला शोधतेस, इथं काय ती उघड्यावर आहे? तू दातात धरलेली सुई काढून म्हणायचीस, "ह्ये घर न्हवं दादा, ह्ये स्टँड हाय. जन्मभर स्टँडवर गाड्या पुकारल्यास, तुला कळाय पायजे. गाडी हितं थांबती, मुक्कामाला न्हाई. आपली वयं बघ. आपण गेल्यावर तिचं पोट कोण दाबणार?" मला तेव्हा ते बोलणं अभद्र वाटायचं. तू हिशेबी नव्हतीस, पण पुढचं बघायचीस. मी उद्याकडं पाठ करून बसणारा माणूस.

मग डॉक्टरांनी तुझ्या हृदयाची झडप बदलायला सांगितली. लवकर, म्हणाले. घरी आल्यावर तू पदर खोचलास आणि जाहीर केलंस, "गुंडीचं घर झालं की दुसऱ्या दिवशी ॲडमिट. तोवर विषय काढायचा न्हाई."

म्हणजे गुंडी गेली की तू ऑपरेशनला जाणार. आणि ऑपरेशन म्हटलं की मला आपला अण्णा दिसायचा. थोरला भाऊ आपला, स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेला. आत नेताना मला म्हणाला, "चहा सांगून ठेव, येतो." डॉक्टरांना "करा" म्हणणारा मीच होतो. चहा मी खरंच सांगितला होता. त्या पेल्यावर साय धरली, तरी आतून कुणी बाहेर आलं नाही. नंतर जे सांगायला आले, त्यांच्या तोंडाकडं मी बघितलंच नाही, मी पेल्याकडं बघत होतो. तू मला समजावलंस, अण्णाचं दुखणं वेगळं, माझं वेगळं. मला ते डोक्यात कळत होतं. पण तू मशीनवर बसलेली मला दिसत होतीस. दम लागायचा, मध्येच थांबायचीस, पण दिसत होतीस. त्या दाराआड तू मला दिसणार नव्हतीस.

तुझा फोन साधा, म्हणून डॉक्टरबाईंनी गुंडीचा फोटो मोबाईलवर सगळीकडं पाठवला तेव्हा खाली नंबर माझा दिला. कसले कसले फोन आले ते तुला आठवतंय. एकानं विचारलं, "उंदीर धरतंय का?" एक म्हणाला, "पाय बरं झालं की कळवा." तू हसलीस, पण रात्री जेवली नाहीस. मग राजमतीबाई आल्या, नवऱ्याला घेऊन. कोडोलीला त्यांची शेती आणि म्हशी. गुंडीला मांडीवर घेतलं आणि पहिल्याच दाबात काम केलं. तू चष्मा वर सरकवून बघत राहिलीस.

"हात चांगला हाय तुमचा."

"सासूबाई अंथरुणावर हुत्या, त्यांनी शिकवला म्हणा," त्या म्हणाल्या. "त्या गेल्यापास्नं सकाळी उठलं की ह्या हातास्नी कामच न्हाई बघा."

रविवारी न्यायला येतो असं ठरलं. तुझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तू घर न बघता हो म्हणालीस. दम लागत होता, एवढा प्रवास झेपणार नव्हता, आणि त्या हातांवर तुझा विश्वास बसला होता. त्या संध्याकाळी तू दवाखान्यात न्यायच्या पिशवीत साडी भरून ठेवलीस. ती पिशवी मी बघितली.

शनिवारी राजमतीबाईंचा फोन आला. तू शेजारी कुणाच्या तरी ब्लाऊजला हूक लावून द्यायला गेली होतीस. "उद्या येताना बास्केट आणू का टोपली? कशात बसंल ती?" त्यांनी विचारलं. आणि मी म्हणालो, "येऊ नका. मांजर दुसरीकडं दिलं." तो माझा घरातला आवाज नव्हता. गाडी रद्द झाल्याचं सांगताना माईकवर लावायचो तो आवाज. त्या आवाजाला कुणी उलट विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. "बरं झालं की. घर मिळाल्याशी मतलब," म्हणाल्या.

तू आलीस. मी सांगितलं, कोडोलीवाले नको म्हणाले. तू उंबऱ्यातच उभी राहिलीस.

"का?"

"कारण सांगितलं नाही."

"फोन लाव. बोलू दे मला."

"नको म्हणणाऱ्याच्या किती मागं लागायचं शालन?"

तू खाली बसलीस. मग म्हणालीस, "घर बघाय पायजे हुतं. माझंच चुकलं." मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी पाण्याचा तांब्या आणून दिला.

पिशवीतली साडी परत कपाटात गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. आणि नंतर येईल त्या गिऱ्हाइकाला तू कोडोलीच्या बाईची गोष्ट सांगितलीस. "हात चांगला, पण जबान खोटी." बायका हळहळायच्या. मी शेजारी पेपर तोंडापुढं धरून बसायचो, आणि माझ्या शर्टाची सगळी बटणं तुझ्या हातची होती.

तू गेलीस ती दुपारी. मशीनवरून उठलीस, "जरा पडतो" म्हणालीस, नेहमीसारखं. मी चहा ठेवला. शालन, मी तुझ्यासाठीही चहाच ठेवला.

माणसं जमली. गुंडीला कुणीतरी आतल्या खोलीत कोंडलं. स्मशानातून येऊन आंघोळ करून बसलो तेव्हा फरशीवर चड्डी घासत येण्याचा तिचा तो आवाज आला, आणि मी उठून आतल्या खोलीची कडी काढली. सकाळपासून तिचं काम कुणी केलं नव्हतं. पोट दगडासारखं झालं होतं. डॉक्टरबाईंना फोन केला, त्या परगावी होत्या. "काका, तुम्हालाच करावं लागेल. आत्ता." मी तिला मांडीवर घेतलं. बोटं कुठं ठेवायची ते कळेना. ती मला चावली. मी कणकेचा गोळा, कणकेचा गोळा असं मोठ्यानं म्हणत होतो. खोलीतल्या माणसांना वाटलं असेल म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. काहीच होईना. मग गुडघ्यावर ऊबदार ओल पसरली, आणि दिवसभर न आलेलं रडू मला तेव्हा आलं.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर नैवेद्य मांडला. आपल्याकडं त्या वेळी सगळ्यांचे श्वास अडकलेले असतात. कावळा शिवला नाही तर काय इच्छा राहिली म्हणून कुजबुज सुरू होते. मी तयारीत होतो. कावळा आला नाही तर सगळ्यांसमोर बोलायचं, असं ठरवून गेलो होतो. आम्ही पुरते मागंही सरकलो नव्हतो, तोवर कावळा शिवला. "सुटली बाई. काही इच्छा मागं राहिली न्हाई," सगळे म्हणाले, पाठीवर हात ठेवून मला घरी घेऊन आले. इच्छा राहिली नव्हती, कारण तुला माहीतच नव्हतं तुझं काय हिरावलं गेलं ते. माझ्यावर रुसायला तुझ्याकडं कारणच नव्हतं. तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस, आणि कावळ्यानं मला सगळ्यांदेखत निर्दोष सोडलं.

ऑपरेशन झालं असतं तर वाचली असती का, असं मी तुझ्या डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "काका, आता तो विचार करू नका." या उत्तराला बाजू नाही. मी रोज ते दोन्ही बाजूंनी ऐकतो.

गुंडीचं मी करत राहिलो. पण लघवीत रक्त दिसायला लागलं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि माझे हात आपल्या हातात घेतले. "पूर्ण रिकामं होत नाहीये काका. राग मानू नका, हे तुम्हाला झेपणार नाही. घर बघायला हवं. लगेच." मी विचारलं, नाहीतर? त्या गुंडीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

घर एकच होतं. ज्या हातांना हे काम येतं असे हात मला एकाच बाईचे माहीत होते. नंबर फोनमध्ये होता. मी लावायचो आणि वाजायच्या आत कापायचो. एकदा वाजला, कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिकडूनच फोन आला.

"कोन हाय? वाजवून ठेवालाय कशाला?"

"मंगळवार पेठेतून बोलतोय. त्या पांढऱ्या मांजराच्या घरातून."

"अगं बाई! कसं हाय ते? दिल्या घरात रमलं न्हवं?"

"कुठं दिलं नाही. इथंच आहे."

"म्हंजे? तुम्हीच म्हणालासा न्हवं, दिलं म्हणून?"

"खोटं बोललो."

पलीकडं म्हशीच्या साखळीचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "आणि ताईस्नी काय सांगितलासा?"

"तुम्ही नको म्हणाला, असं."

"ताईस्नी द्या जरा फोन."

"ती गेली."

मग अगदी हळू आवाज आला. "म्हंजे त्या माऊलीनं मला खोटारडी समजूनच डोळं मिटलं व्हय?"

मी हो म्हणालो. फोन कापला गेला.

ती रात्र कशी काढली ते सांगत नाही. तू मशीन थांबवल्यावर घरात जसं व्हायचं तसं होतं. दुसऱ्या दिवशी दारात दोघं उभी. माझ्याशी न बोलता राजमतीबाई आत आल्या, गुंडीला उचललं, पोट चाचपलं. "केवढं तटलंय," म्हणाल्या, आणि मोरीपाशी बसून काम केलं. गुंडीनं डोळे मिटून घेतले. माझ्या हातात तिनं कधी डोळे मिटले नव्हते.

त्यांचा नवरा माझ्याशेजारी टेकला. "पावणं, कालपास्नं हिनं म्हशीला पण शिव्या घातल्या. सगळ्या तुमच्या नावच्या."

"मांजराचा काय गुन्हा न्हाई," राजमतीबाई आतून म्हणाल्या. "ते मी नेणार. तुमचं मग बघू."

मी तुझ्या शिवलेल्या सगळ्या चड्ड्या पिशवीत भरल्या. एक राहिली. ती मशीनवर होती, सुईजवळच्या पायाखाली दाबलेली, अर्धी शिवलेली, तू उठलीस तेव्हा होती तशीच. मी तिला हात लावला नव्हता. राजमतीबाईंनी बघितली.

"ही कुणी थांबवली?"

"तीच."

त्या स्टुलावर बसल्या. नको म्हणावं असं माझ्या ओठावर आलं. तुझा शेवटचा टाका तिथं होता, त्यापुढं कुणी गेलं की तू उठून गेलीस हे पक्कं होणार होतं. मी भिंतीला धरून उभा राहिलो. मशीन सुरू झालं. शालन, तो आवाज मी सोसला. पुढचा टाका पडला, त्यापुढचा पडला, आणि छत काही कोसळलं नाही. शेपटीचं काज त्यांनी हातानं केलं. दात लावून दोरा तोडला. "ताईंचा बारीक, माझा जाडा. मांजराला काय कळतंय?" डोळे पुसले आणि मग माझ्याकडं वळल्या.

"ताईंनी माझं कुणाकुणाला सांगितलंय?"

"येईल त्या प्रत्येकीला. सगळ्या पेठेला म्हणा."

"मग आता तुम्ही सांगा. पुकारून सांगा न्हाईतर लिहून सांगा. माझं नाव घिऊन सांगा. पन सांगा."

स्टँडवर आमची एक पद्धत होती. चुकीची घोषणा गेली तर दुरुस्ती दुसऱ्यानं सांगायची नाही. ज्यानं चूक पुकारली त्यानंच पुन्हा माईक घ्यायचा, कारण लोक आवाजावर विश्वास ठेवून बसलेले असतात. म्हणून हे मीच लिहितो आहे. हे पेपरात छापून येईल, गल्लीतल्या बायका वाचतील, रस्त्यात माझ्याकडं बघतील. त्याचीही भीती आहे. असू दे.

गुंडीबरोबर मी त्यांच्या गाडीत बसलो. कुठं निघालासा, म्हणून त्यांनी विचारलं. घर बघायला, म्हणालो. "ताईंची रीत व्हय? बसा मग," राजमतीबाई म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच मऊ वाक्य. गुंडी माझ्या मांडीवर टोपलीत होती. वाटभर मला वाटत होतं, गाडी वळवायला सांगावं. परत एकदा रद्द करावं. तो आवाज घशापर्यंत आला होता. मी टोपलीची कड धरून गप्प बसलो.

तर ऐक. कुत्रं समोरच्या घरी आहे, बांधलेलं. सासूबाईंची खाट अजून तिथंच आहे, खिडकीखाली, आणि तिच्यावर गुंडीसाठी गोधडी घातली आहे. काठी कुणी उगारणारं नाही. गच्चीचा कठडा एका बाजूला ठेंगणा आहे, ते मी बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "पावणं, ते मांजर जिना चढणार हाय काय?" मी म्हणालो, सांगायचं काम माझं. दोन दिवसांनी त्यांनी जाळी बांधल्याचा फोटो पाठवला. मी तो तुझ्या फोटोपुढं धरला.

माझी बायको गेली तेव्हा तू आलीस आणि न विचारता चूल हातात घेतलीस. त्यानंतर या घरात मी कधी एकट्यानं घाबरलो नाही. आता फरशीवर तो घासत येणारा आवाज नाही, मशीन नाही, आणि तरी ते आवाज आल्यासारखे वाटून मी वळून बघतो. राजमतीबाईंकडं मी एवढंच मागितलं की रोज तिन्हीसांजेला गुंडीचं काम झालं की एक मिस्ड कॉल द्यायचा. बोलायचं नाही, उचलायचं नाही. एकदा तो आला नाही. मी कोट चढवून स्टँडवर जायला निघालो, तेव्हा वाजला. लाईट गेली होती तिकडं. अजूनही तो येईपर्यंत मला बसवत नाही.

तू माफ करशील का, हे मी विचारत नाही. तुझ्या उत्तराची मला भीती वाटते, आणि उत्तर येणारच नाही याची त्याहून जास्त. दुरुस्ती तेवढी ऐकून घे, माझ्याच आवाजात. कोडोलीची माणसं उलटली नव्हती. ती रविवारी येणार होती. बास्केट आणायची की टोपली, एवढंच विचारत होती. तू घर बघितलं नाहीस म्हणून काही चुकलं नव्हतं. तू माणूस बरोबर ओळखलं होतंस. रद्द मी केलं.

दिवे लागायची वेळ झाली आहे. फोन समोर ठेवला आहे. अजून वाजलेला नाही.